मेंढीच्या जखमेतील अळ्यांवर नेगासंट पावडर : चार हंगामांचा अनुभव

कोपरखैरण्यात राहणारी बाई मेंढ्यांच्या औषधाविषयी का लिहिते, हे आधी सांगायला हवे. माझे मामा फलटण तालुक्यातील धनगर आहेत. दिवाळी झाली आणि कोकणातील भातकापणी उरकली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्या आणि माणसांचा फिरता तळ, घाट उतरतो, आणि गेली काही वर्षे त्याचा हिवाळी मुक्काम ठाणे जिल्ह्यातील शिळफाट्याच्या पुढे, दहिसर मोरीच्या आसपासच्या रिकाम्या खाचरांत असतो. शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतात आणि पावसाच्या आधी, मृगाची चाहूल लागताच, वाडा पुन्हा वर निघतो. शंभरसव्वाशे मेंढ्यांच्या या वाड्याला लागणारी औषधे ठाण्याहून किंवा नवी मुंबईतून आणून देणे हे माझे काम असल्यामुळे जखमेतील किड्यांवर बाजारात जे काही मिळते, ते बहुतेक सर्व मी विकत घेतले आहे, मामा-मामींच्या हाताने वापरलेले पाहिले आहे आणि पुष्कळदा स्वतःही वापरले आहे. पुढील मजकूर प्रामुख्याने नेगासंट या पावडरीविषयी आहे. इतर उपायांचा उल्लेख तिच्याशी तुलना करण्यापुरताच केला आहे.

पहिला प्रसंग २०२१ च्या डिसेंबरातील आहे. एका मोकळ्या भूखंडाभोवतीच्या काटेरी तारेला अडकून एका मेंढीची मागची मांडी फाटली होती आणि मामींनी त्यावर हळद-तेल लावले होते. तिसऱ्या दिवशी ती कळपापासून बाजूला उभी राहू लागली, चरेना, मागचा पाय सारखा आपटू लागली आणि मान वळवून मांडीकडे तोंड नेऊ लागली. वरून पाहता जखम रुपयाच्या नाण्याएवढीच दिसत होती. तिच्याभोवतीची लोकर मात्र काळपट ओली झाली होती आणि खालून तांबूस पाणी झिरपत होते. "वास येतोय बघ पोरी, आत किडा हाय," असे मामा म्हणाले. विजेरीच्या उजेडात जखमेच्या तोंडाशी पांढुरकी टोके हलताना दिसली. ती अळ्यांची डोकी नव्हती. डोकी आत मांसात खुपसलेली होती आणि श्वास घेण्यासाठी शेपटीकडची टोके तेवढी वर ठेवलेली होती. बाहेरून नाण्याएवढ्या दिसणाऱ्या या जखमेत माझे मधले बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेले.

या अळ्या ज्या माशीच्या असतात तिच्या सवयींवर औषधाची निवड अवलंबून असल्याने तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. आपल्याकडे गुराढोरांच्या जिवंत जखमेत किडे पाडणारी प्रमुख माशी म्हणजे क्रायसोमिया बेझियाना. उकिरड्यावर आणि मेलेल्या जनावरावर घोंघावणाऱ्या निळ्या-हिरव्या माश्यांशी तिचे नाते असले, तरी तिच्या अळ्या जिवंत मांसावरच वाढतात. मादी जखमेच्या कडेला एका वेळी शंभर ते अडीचशे अंडी चिकटवते, ती साधारण एका दिवसाच्या आत फुटतात आणि अळ्या लगेच आत शिरू लागतात. पाच ते सात दिवसांत त्या पूर्ण वाढतात, जखमेतून खाली पडतात, मातीत शिरून कोष करतात आणि उबदार हवेत आठवडा-दीड आठवड्यात नवी माशी बाहेर येते. तिला मोठी जखम लागते असेही नाही. गोचीड चावल्याची खूण, कातरणीत लागलेली कातर, टक्कर घेणाऱ्या मेंढ्यांच्या शिंगांच्या बुडाशी सोललेली कातडी, खुरांच्या बेचक्यातील काचेची जखम, कोकराची ओली नाळ, किंवा सरकारी नोंदणीसाठी कानात मारलेल्या बारा अंकी पिवळ्या बिल्ल्याचे छिद्र यांपैकी काहीही तिला पुरते. बिल्ल्याच्या छिद्रात किडे पडलेली दोन कोकरे आम्ही स्वतः हाताळली आहेत.

मोबाईलवर इंग्रजीतून शोधले असता मिळणारा बहुतेक सल्ला ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधील मेंढ्यांसाठी असतो. तो जसाच्या तसा आपल्याकडे का लागू पडत नाही, हे मला दुसऱ्या वर्षी उमगले. तिकडची मुख्य माशी ल्युसिलिया कुळातील आहे. तिला जखमेची गरज नसते, कारण मूत्राने, हगवणीने किंवा पावसाने भिजून कुजट झालेल्या दाट लोकरीतच ती अंडी घालते. म्हणून तिथे शेपटी कापणे, मागचा भाग वारंवार कातरणे आणि अळीची वाढ रोखणारी सायरोमाझिन किंवा डायसायक्लॅनिल यांसारखी औषधे हंगामाच्या सुरुवातीलाच पाठीवर सोडणे, असे उपाय केले जातात. त्यांचे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. सुरकुत्या असलेल्या मेरिनो मेंढीच्या मागच्या बाजूची कातडीच कापून काढण्याची प्रथाही ऑस्ट्रेलियात आहे. न्यूझीलंडने मात्र २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपली दख्खनी मेंढी आखूड, भरड लोकरीची आणि लहान, बारीक शेपटीची आहे. तिच्या लोकरीपेक्षा तिच्या अंगावरील लहानसहान जखमांकडे आपले लक्ष हवे. त्यामुळे महिनोन्‌महिने टिकणारे पाठीवरचे औषध आपल्याकडे सहजी मिळत नाही याचे मला फारसे दुःख नाही. जखमेवर नेमके काम करणारे औषध आपल्याकडे मिळते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

नेगासंटच्या घटकांमध्ये कूमाफॉस शेकडा ३, प्रोपॉक्सर शेकडा २ आणि सल्फॅनिलामाइड शेकडा ५ आहे. पहिली दोन कीटकनाशके असून ती अळ्यांना मारतात आणि माशीला पुन्हा बसू देत नाहीत, तर तिसरा घटक जखमेतील जंतूंची वाढ रोखतो. मला या औषधाचा सर्वांत मोठा गुण वाटतो तो हा की मारणे, परत येऊ न देणे आणि जखम चिघळू न देणे ही तिन्ही कामे कोरड्या भुकटीच्या एकाच चिमटीत होतात. रानात, चुलीच्या उजेडात, एका हाताने मेंढी धरून दुसऱ्या हाताने काम करणाऱ्या माणसाला तीन वेगवेगळ्या बाटल्या उघडणे शक्य नसते.

मात्र पावडर नुसती वरून शिंपडली तर ती वाया जाते, हे आम्ही पहिल्याच मेंढीवर शिकलो. मामांनी घाईने लोकरीवरूनच पावडर टाकली, ती ओल्या लोकरीत गोळा होऊन बसली आणि दुसऱ्या दिवशी आतील अळ्या होत्या तशाच वळवळत होत्या. तेव्हापासून आमची पद्धत ठरून गेली आहे. प्रथम जखमेभोवती निरोगी, कोरडी कातडी दिसेपर्यंत, चारही बाजूंनी किमान चार बोटे लोकर कातरायची. वरून दिसणाऱ्या भोकापेक्षा आतील पोकळी बहुधा मोठी असते आणि तिचा अंदाज कातरल्याशिवाय येत नाही. मग फिकट गुलाबी दिसेल इतपतच पोटॅशियम परमँगनेट घातलेल्या कोमट पाण्याने जखम धुवायची आणि बोथट टोकाच्या चिमट्याने अळ्या एकेक करून काढायच्या. पाण्याने गुदमरल्या की त्या स्वतःहून वर येतात, त्यामुळे थोडे थांबून पुन्हा धुतले तर चिमट्याचे काम निम्मे होते. त्या पहिल्या मेंढीच्या मांडीतून मी सत्तरांवर अळ्या मोजल्या आणि नंतर मोजणे सोडले. जखम स्वच्छ कापडाने टिपून कोरडी केल्यावर पावडर पोकळीच्या आत आणि कडेच्या कातडीवर दोन बोटांच्या पट्ट्यात लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचे, आत उरलेल्या मेलेल्या अळ्या काढायच्या आणि आवश्यकता असेल तर पुन्हा पावडर लावायची. ती मांडी बाराव्या दिवशी तळातून भरून आली होती.

काढलेल्या अळ्यांचे काय करायचे, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. आमच्याकडेही पूर्वी त्या जमिनीवर टाकून पायाने माती लोटली जाई. पूर्ण वाढलेल्या अळीला मात्र मातीच हवी असते. चिमट्याने वाड्याशेजारी टाकलेली अळी कोष करून आठवडा-दीड आठवड्यात माशी होते आणि त्याच कळपावर परत येते. आता मामी डालड्याच्या जुन्या डब्यात साबणाचे दाट पाणी करून ठेवतात, सर्व अळ्या त्यात टाकतात आणि नंतर तो डबा चुलीवर उकळी येईपर्यंत ठेवतात. यासाठी एक पैसाही पडत नाही. तिसऱ्या हंगामापासून आमच्याकडील प्रकरणे कमी झाली, त्यात पावडरीइतकाच या डब्याचा वाटा आहे असे मी मानते.

टर्पेंटाइन तेलाशी तुलना करणे क्रमप्राप्त आहे, कारण प्रत्येक वाड्यात ते असतेच. तेलात भिजवलेला बोळा जखमेत ठेवला की अळ्या काही मिनिटांत बाहेर पडू लागतात. खोल, बोगद्यासारख्या जखमेत तर ते पावडरीपेक्षा लवकर काम करते, कारण कोरडी भुकटी तळापर्यंत पोचत नाही. परंतु ते कोवळ्या मांसाला जाळते, मेंढी वेदनेने धडपडते, आणि रोज वापरत राहिले तर भरत आलेली जखम पुन्हा सोलल्यासारखी होते. शिवाय त्याचा वास उडाला की माशीला अटकाव उरत नाही. म्हणून आम्ही खोल जखमेत पहिल्या दिवशी एकदाच, थोड्या वेळापुरता बोळा ठेवतो, अळ्या निघाल्या की जखम धुतो आणि मग पावडर लावतो. सीताफळाचा पाला वाटून लावण्याची रीतही वाड्यात आहे आणि किरकोळ जखमेवर ती मला नाकारावीशी वाटत नाही. बियांची पूड मात्र कोणीही वापरू नये, कारण ती डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते आणि वाऱ्यावर ती कोणाच्या डोळ्यात जाईल याचा भरवसा नसतो.

वनस्पतीजन्य फवाऱ्याचाही एक हंगाम प्रयोग केला. त्याचा वास माश्यांना नकोसा असतो, उघड्या उथळ जखमेवर तो सुखद आणि सोयीचा आहे, आणि दुभत्या मेंढीच्या कासेजवळ, जिथे कोकरू तोंड लावते तिथे, कीटकनाशक पावडरीऐवजी मी आजही तोच पसंत करते. मात्र आत शिरलेल्या अळ्यांसाठी एकट्या फवाऱ्यावर विसंबून राहिल्याने एका मेंढीच्या उपचारात आमचे दोन दिवस वाया गेले आणि तेवढ्यात तिच्या शिंगाच्या बुडाची जखम डोळ्याकडे सरकली. त्या वेळी १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत घेतली. आलेल्या डॉक्टरांनी जखम साफ करून आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाचे कातडीखालचे इंजेक्शन दिले. १ टक्का तीव्रतेच्या या औषधाची मात्रा ५० किलो वजनाला १ मिलिलिटर, म्हणजे आमच्या पंचवीस किलोच्या मेंढीला अर्धा मिलिलिटर इतकीच असते. नव्याने शिरलेल्या लहान अळ्यांवर ते चांगले काम करते. मोठ्या झालेल्या अळ्या मात्र तरीही हातानेच काढाव्या लागतात. डोके, डोळा, कान किंवा योनिमार्ग या जागी किडे पडले असतील, तर पावडरीचा प्रयोग करत न बसता डॉक्टरांनाच बोलवावे, असे मला ठामपणे सांगायचे आहे.

आता सावधगिरीचे सांगते. कूमाफॉस आणि प्रोपॉक्सर ही विषे आहेत, आणि वाड्यात लहान मुले, कुत्री, कोकरे व पिठाचे डबे हे सर्व एकाच पालाखाली असतात, याचा विसर पडू नये. आम्ही हातमोजे घालतो, वाऱ्याकडे पाठ करून पावडर लावतो आणि नंतर हात साबणाने धुतो. मेंढी जखम चाटू शकेल अशा जागी पावडरीवर सैल पट्टी बांधतो आणि कुत्र्याला त्या मेंढीजवळ फिरकू देत नाही. गोचिडांसाठी हीच पावडर अंगभर चोळण्याचा सल्ला मला एकाने दिला होता. तो चुकीचा आहे. गोचिडांच्या औषधाने मेंढ्या धुतल्या असतील त्याच दिवशी तर ही पावडर मोठ्या जखमेत भरूच नये, कारण दोन्हींतील विष एकाच प्रकारे काम करणारे असू शकते. जास्त शरीरात गेल्यास लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, अंग थरथरते, श्वास जड होतो, आणि अशा वेळी डॉक्टर उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. बकरी ईदच्या आधी नर विकले जातात, त्या सुमारास कोणत्या जनावराला कोणते औषध कधी दिले याची नोंद ठेवणे हे मामांना सुरुवातीला नसते लचांड वाटत असे. परंतु औषध अंगात असलेल्या जनावराचे मांस कोणाच्या तरी घरी शिजणार आहे, हे पटल्यावर त्यांनीच प्रत्येक उपचार केलेल्या मेंढीच्या पाठीवर गेरूची रेघ ओढण्याची पद्धत सुरू केली. दूध आणि मांस किती दिवस वर्ज्य ठेवायचे हे त्या त्या औषधाच्या वेष्टनावर पाहावे किंवा डॉक्टरांना विचारावे.

खरेदीचा अनुभव सर्वत्र सारखा नाही. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडील एका दुकानात मी नाव सांगून पावडर मागितली असता "तीच आहे" असे म्हणून मला एक साधी जंतुनाशक भुकटी देण्यात आली. घरी येऊन घटक वाचले तेव्हा त्यात एकही कीटकनाशक नसल्याचे दिसले. ती भुकटी जखम कोरडी ठेवते, पण अळ्या तिच्याखाली आरामात वाढतात. तेव्हापासून मी दुकानातच घटक आणि मुदतीची तारीख वाचते आणि पावत्या जपून ठेवते. कंपनीच्या नावावरूनही गोंधळ होतो. नेगासंट आमच्या पिढीने बायरच्या नावाने ओळखले. बायरचे भारतातील मुख्यालय ठाण्यातच आहे. परंतु तिचा पशुऔषध विभाग २०२० मध्ये एलँको या अमेरिकी कंपनीने घेतला. त्यामुळे जुने नाव न दिसल्यास घाबरून न जाता घटकच पाहावेत. जुन्या धनगरांना गॅमा बीएचसी, म्हणजेच लिंडेन हे कीटकनाशक, असलेले मलम आठवते आणि ते अजूनही त्याची मागणी करतात. त्या लिंडेनच्या उत्पादनावर भारताने २०११ मध्ये आणि वापरावर २०१३ पासून बंदी घातलेली असल्याने ते कोणी काढून दिले तरी घेऊ नये.

पावडर पुरते किती, असा प्रश्न मला वाड्यातील इतरांनी विचारला आहे. पहिल्या हंगामात आमच्याकडे किडे पडलेल्या सात मेंढ्या निघाल्या आणि तीन छोट्या बाटल्या संपल्या. चौथ्या हंगामात दोनच मेंढ्या निघाल्या आणि एक बाटली उरली. आता बहुतेक पावडर ताज्या जखमेवर, माशी बसण्यापूर्वीच खर्च होते, हे त्यामागचे कारण आहे. संध्याकाळी मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरताना मामा दाराशी बसतात आणि प्रत्येकीची मांडी, शेपटीचे बूड, खूर आणि कान यांवरून नजर फिरवतात. खरचटलेले दिसले की धुऊन चिमूटभर पावडर, कातरणीच्या दिवशी कातर लागली की तिथल्या तिथे पावडर, आणि नव्या कोकराच्या नाळेला मात्र टिंक्चर आयोडीन, कारण आई ती जागा चाटते. शंभर मेंढ्या पाहायला पाऊण तास लागतो. मे महिन्यात वळवाच्या सरी पडून हवा दमट झाली की हीच पाहणी आम्ही सकाळीही करतो, कारण चार हंगामांत आमची निम्मी प्रकरणे शेवटच्या तीन आठवड्यांतील आहेत.

ओलसर हवेत पावडरीचे झाकण सैल राहिले की ती गुठळ्या धरते, म्हणून मामींनी बाटली घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवली आहे. त्या डब्याला बाहेरून लाल कापड बांधलेले असते आणि तो घोड्यावरच्या सामानात नेहमी सर्वांत वर, पिठामिठापासून दूर असतो. झाकणाच्या आत मी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद चिकटवला आहे. त्यावर कातरणे, धुणे, अळ्या काढून साबणाच्या पाण्यात टाकणे, जखम टिपणे आणि मग पावडर लावणे हा क्रम आहे, आणि खाली १९६२ हा आकडा आहे. यंदा वाडा वर निघाला तेव्हा उरलेली बाटली आणि एक नवी, अशा दोन बाटल्या त्या डब्यात होत्या.